शंभर टक्के सहकार्य

“सर, तुम्ही पहिल्या बाकावर नका बसू,” वारके मॅडम म्हणाल्या. “शिकवताना तुमच्याकडे नजर गेली की मी अडखळते. वाटतं, आता तुम्ही चूक काढणार.”

मी उठून दुसऱ्या बाकावर गेलो. तिथे आणखीच अवघडल्यासारखं झालं, कारण वर्गात आम्ही एकूण चार विद्यार्थी होतो आणि बाकीचे तिघे पहिल्या बाकावर चिकटून बसले होते. आता मॅडमना मी एकटाच समोर दिसत होतो. त्या परत अडखळल्या.

तनुजा वारके ही माझी विद्यार्थिनी. तापीकाठच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, याच मजल्यावर, मी तिला दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं आणि एका चाचणीत वीसपैकी सात गुण दिले होते. पुढे ती पुण्याला गेली, संगणक सुरक्षेत एम.टेक. करून आली. आमच्या कॉलेजनं त्याच विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला तेव्हा तो शिकवायला तिलाच घेतलं. मी तिला ‘मॅडम’ म्हणायचो, ती मला ‘सर’. बाहेरून येणाऱ्याला कोण कोणाला शिकवतंय ते कळत नसे. आतल्यांनाही दर वेळी कळत होतं असं नाही.

चाळिशीच्या उंबरठ्यावर मी तिथे हौसेनं बसलो नव्हतो. वरून नियम आला होता की ज्या अध्यापकांकडे पदव्युत्तर पदवी नाही, त्यांनी जूनच्या आत ती मिळवावी, नाहीतर त्यांना कायम पदावरून काढून तासिका तत्त्वावर ठेवावं. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितका पगार, आणि स्टाफरूमच्या फलकावर नाव नाही. पगाराचं एक वेळ निभलं असतं. पण त्या फलकावरचं ‘प्रा. अ. य. सावदेकर’ माझ्या सासऱ्यांनी दोनदा फोटो काढून नेलं होतं.

शेवटच्या सहामाहीला प्रबंध लिहायचा होता. मॅडमनीच विषय सुचवला.

“सर, मशीन फोडायला अक्कल लागते. माणूस फोडायला नुसती मेल पुरते. आपण आपल्याच कॉलेजात मोजू या. ‘तुमचा मेलबॉक्स भरला आहे, चालू ठेवण्यासाठी इथे पासवर्ड टाका’ अशी खोटी मेल सगळ्या स्टाफला पाठवायची. किती जण फसतात ते बघायचं.”

“आणि त्यांचे पासवर्ड?”

“ते आपल्याकडे क्षणभरही राहता कामा नयेत. पान फक्त कोणी उत्तर दिलं तेवढं नोंदवेल, शब्द टाकून देईल. तुम्ही प्रोग्रॅम लिहा, मी ओळ न् ओळ तपासते.” मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “आणि कोणाला सांगायचं नाही. प्राचार्यांची परवानगी घ्यावी लागेल, पण त्यांच्यापलीकडे कोणालाही नाही. कळलं की संपलं.”

आमचे प्राचार्य बऱ्हाटे हे परवानगीच्या बाबतीत उदार होते. मी विषय सांगितला, त्यांनी अर्धा ऐकला आणि घंटी वाजवली.

“उत्तम. आपल्याच माणसाचा प्रबंध आहे. माझ्याकडून शंभर टक्के सहकार्य.”

“सर, फक्त एक विनंती. ही गोष्ट गुप्त राहायला हवी.”

“अर्थात. मी कार्यालयाला तशा सूचना देतो.”

इथेच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या कार्यालयाला सूचना दिली की तिचं परिपत्रक होतं. यात कोणाचा दुष्टावा नसतो. दूध तापवलं की साय येते, तसं. शनिवारी दुपारी शिपाई स्टाफरूममध्ये परिपत्रक घेऊन आला. मजकूर असा, की प्रा. सावदेकर यांच्या एम.टेक. प्रबंधासाठी सोमवारपासून सर्व कर्मचाऱ्यांना एक खोटी ईमेल येईल. सदर बाब गोपनीय असून सर्वांनी त्या ईमेलला प्रतिसाद देऊन सहकार्य करावे.

सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. परिपत्रक पुढ्यात आलं की सही करायची असते.

“काय भाऊ, सोमवारी म्हणे आम्हाला फसवणार?” मेकॅनिकलचे फिरके म्हणाले. वर्षानुवर्षं ते माझ्या डब्यातलं भरीत खात आले होते.

“आता काय फसवणार!”

“असं कसं? फसू ना आम्ही. तू काळजी करू नको. आमच्या डिपार्टमेंटची जबाबदारी माझ्यावर.”

मी मॅडमकडे धावलो. त्यांनी परिपत्रक वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचलं. बहुधा चष्म्याचा दोष असावा अशी त्यांना आशा होती. पण प्रबंध सादर करायला थोडेच आठवडे उरले होते. नवा विषय घ्यायला वेळ नव्हता.

“पाठवून तर बघू,” त्या म्हणाल्या. “बरेच जण परिपत्रक वाचत नाहीत.”

हे खरं होतं. पण या खेपेला सगळ्यांनी वाचलं होतं.

सोमवारी मेल गेली आणि चहाच्या सुट्टीपर्यंत निम्म्या कॉलेजनं पासवर्ड दिला. भौतिकशास्त्राच्या गाजरे मॅडम व्हरांड्यात भेटल्या. “सर, मी टाकला हो. पोचला का? की परत टाकू?” कार्यशाळेचे महाजन कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “सर, मेलचा तर दिलाच. सोबत एटीएमचाही टाकलाय. असू द्या, उपयोगी पडेल.” मी त्यांना हात जोडून सांगितलं, की माझं पान काही साठवत नाही, तरी तुम्ही आजच्या आज बँकेत जाऊन तो बदला. त्यांचा चेहरा पडला. दिलेली वस्तू मी परत करतोय असं त्यांना वाटलं.

ग्रंथपाल ठोंबरे यांचं मेलचं खातंच नव्हतं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आम्हाला कोण विचारतंय! फसवायच्या लायकीचेसुद्धा नाही आम्ही.” संगणक कक्षात नेऊन मी त्यांचं खातं उघडून दिलं. त्यांनी पहिली मेल वाचली ती माझी, आणि पहिला पासवर्ड दिला तो मला.

आठवड्याअखेर मॅडम आणि मी पडद्यासमोर बसलो. एकसष्ट जणांना मेल गेली होती. साठ जणांनी पासवर्ड दिला होता.

“सर,” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हा डेटा नाही. हा आहेर आहे.”

“आणि हा एक कोण?”

त्यांनी नाव दाखवलं. दाखवायची गरज नव्हती.

नेहेते सर आमच्या विभागाचे प्रमुख. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे. उंच, सडपातळ, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. जुन्या माउसच्या पोटात रबरी गोळी असायची आणि पोरं ती क्रिकेटसाठी पळवायची, त्या काळात हे गृहस्थ प्रॅक्टिकल संपलं की सगळ्या गोळ्या काढून स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि डबा घरी न्यायचे. आमचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. कारण साधं होतं. तपासणी समिती आली होती. प्रयोगशाळेत तीस संगणक मांडलेले होते. त्यातले निम्मे दुसऱ्या विभागाचे नुसते पडदे. पद्धतच होती तशी, त्या विभागाची तपासणी असली की आमचे पडदे तिकडे जात. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, “सगळे चालू आहेत?” मी म्हणालो, “हो.” नेहेते सर म्हणाले, “नाही,” आणि पुढे होऊन एक बटण दाबून दाखवलं. काहीच झालं नाही. त्यानंतर आम्हा दोघांमध्येही काही झालं नाही. कामापुरतं ‘सावदेकर, हे बघा’ आणि ‘ठीक आहे सर’, एवढंच.

“खडूस आहे,” फिरके म्हणाले. “अख्ख्या कॉलेजनं दिला. याचा काय सोन्याचा होता?”

मलाही तसंच वाटलं. माझा प्रबंध तसाही बुडाला होता, पण बुडताना ज्यानं हात दिला नाही तो लक्षात राहतोच.

गोष्ट इथेच थांबली असती. पण परिपत्रकात ‘सहकार्य करावे’ असं होतं, आणि ते न करणारा एकच निघाला, हे कार्यालयाच्या नजरेत आलं. नेहेते सरांना कारणे दाखवा नोटीस गेली. पासवर्ड का दिला नाही याचा लेखी खुलासा करावा, अन्यथा विभागप्रमुखपदाचा कार्यभार काढून घेण्यात येईल. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर होती.

मी प्राचार्यांकडे गेलो. “सर, त्यांना नोटीस कशाला? पासवर्ड न देणं बरोबरच आहे. तेच तर आम्ही शिकतो.”

“सावदेकर, बसा.” प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. “मीसुद्धा दिलाय पासवर्ड. मी! साठ माणसं दिलदार आणि एक शहाणा? हा एक डोळ्यात खुपतो हो. आपण असं करू. तुमच्या प्रबंधात एकसष्टपैकी एकसष्ट लिहा. शंभर टक्के. परिपत्रकाचा उल्लेख टाळा, उगाच परीक्षकांचा गोंधळ. परीक्षक म्हणून कुलथे येतायत, माझ्या ओळखीचे. मी बोलतो त्यांच्याशी. तुमची पदवी झाली, कॉलेजचं शंभर टक्के झालं, आणि सगळ्यांनीच दिला म्हटल्यावर नेहेत्यांची नोटीस मी इथेच फाडतो. कोणाचं काय बिघडलं?”

मी विचार केला. खरंच कोणाचं काही बिघडत नव्हतं. माझं नाव फलकावर राहत होतं. नेहेते सरांचं पद राहत होतं. आपलं कॉलेज शंभर टक्के फसलं, हे प्राचार्यांना छातीठोकपणे सांगता येणार होतं. इतकी सोयीची खोटी गोष्ट आयुष्यात फार वेळा समोर येत नाही.

प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या खिडकीजवळ उभ्या होत्या. खाली पार्किंगमध्ये पोरं एका स्कूटरला ढकलून चालू करत होती. 

“सर, तुम्ही सही मागितलीत तर मी करीन.”

“म्हणजे तुम्हाला चालेल?”

“नाही चालणार. पण करीन. तुम्ही माझे सर आहात, तुम्हाला नाही म्हणायला मला जमणार नाही.” त्या वळल्या. “म्हणून तुम्ही मागू नका.”

चाचणीत वीसपैकी सात देताना मला काही वाटलं नव्हतं. आता तिच्यासमोर उभं राहताना वाटलं. पण तरी मी मनाशी म्हटलं, की हिची सही एक वेळ राहू दे, आधी नेहेते सरांना बातमी तर देऊ. त्यांची सुटका होतेय म्हटल्यावर ते होच म्हणतील, आणि त्यांनी हो म्हटलं की मॅडमचंही मन वळेल. दोन माणसांच्या भल्यासाठी आपण थोडं खोटं बोलतोय, असं वाटलं की पाऊल कसं हलकं पडतं.

नेहेते सर त्यांच्या केबिनमध्ये कागदांना टोचणीनं भोकं पाडून दोरा ओवत होते. माझ्याकडे बघितलं, समोरच्या खुर्चीकडे बघितलं. मी बसलो.

“सर, नोटिशीचा प्रश्न मिटला.”

“कसा?”

मी सांगितलं. त्यांनी दोऱ्याला गाठ मारली, ओढून बघितली.

“म्हणजे मी दिला असं लिहिणार तुम्ही.”

“फक्त कागदावर, सर. प्रत्यक्षात तुम्ही दिलेला नाहीच. पान काही साठवतही नव्हतं. त्या साठ जणांचाही पासवर्ड माझ्याकडे नाही.”

“मग त्यांनी दिला काय आणि नाही काय.”

“तेच तर म्हणतोय मी! मग तुम्ही एक टाकला असता तर काय बिघडलं असतं? एवढं रामायण झालं नसतं. खोटासुद्धा टाकला असता तरी चाललं असतं. निम्म्यांनी बहुतेक खोटेच टाकले असतील.”

“नाही,” नेहेते सर म्हणाले. “खरेच टाकलेत. तुम्हाला खोटा कसा देणार? तुम्ही घरचे.”

त्यांनी भोकं पाडलेले कागद एका बाजूला ठेवले.

“सावदेकर, ऑगस्टमध्ये संगणक सप्ताह होता. तुमचं व्याख्यान होतं, दुपारी. आठवतं?”

मला आठवलं. सभागृहात पंखा एकच चालू होता. पुढच्या रांगांत विद्यार्थी झोपले होते, मागच्या रांगांत स्टाफ सामोशांची वाट पाहत होता. नेहेते सर अगदी शेवटी दाराजवळ, हाताची घडी घालून, डोळे मिटून बसले होते.

“तुम्ही म्हणालात, पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही. मित्राला नाही, बायकोला नाही, प्राचार्यांना नाही. मग म्हणालात, ‘उद्या मी स्वतः मागितला तरी देऊ नका. मी मागत असेन तर मुळीच देऊ नका.’ सगळे हसले.”

“हो. म्हणजे, व्याख्यानात म्हणतो आपण असं.”

“मी हसलो नाही. पटलं मला.” त्यांनी टोचणी उचलून टेबलाच्या खणात ठेवली. “या विभागात मला इतकी वर्षं झाली. कोणाच्या व्याख्यानातून काही शिकलो असं क्वचित झालं. त्या दिवशी झालं. घरी जाऊन मी माझा पासवर्ड बदलला. आधी तो मुलीच्या नावाचा होता. आणि सहा महिन्यांनी तुम्हीच मेल पाठवून तो मागता. आता मी काय करायचं होतं? शिकलेलं विसरायचं?”

बाहेर तासाची घंटा झाली. कोणाचा तास होता कोण जाणे, आम्ही दोघं बसूनच राहिलो.

“बाकीच्यांनी तुम्हाला मदत केली, त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “माणसं चांगली आहेत. नोटिशीचं काय ते मी बघीन. पण मी दिला असं लिहायचं असेल, तर ऑगस्टमधलं ते व्याख्यान झालंच नव्हतं असंही लिहा.”

मी ‘ठीक आहे सर’ म्हणालो. आमच्यातला नेहमीचाच शब्द. बाहेर आल्यावर जिन्यात थोडा वेळ थांबलो. पंधरा वर्षं मी शिकवत होतो. पास झालेले, नोकरीला लागलेले, लग्नाला बोलावणारे पुष्कळ होते. पण मी सांगितलेलं एखाद्यानं घरी नेलं आणि ते मोडायला सांगणारा मीच आलो तरी मोडलं नाही, असा हा पहिलाच. तोही वर्गात बसणाऱ्यांपैकी नव्हता.

मॅडमकडे जाऊन मी म्हणालो, “मॅडम, साठ लिहितो. परिपत्रक परिशिष्टात जोडतो. करता सही?”

“आणा,” त्या म्हणाल्या. पेन आधीच हातात होतं.

तोंडी परीक्षेला डॉ. कुलथे आले. गोल चेहऱ्याचे, घामानं बेजार, आल्या आल्या कूलरसमोर खुर्ची ओढणारे गृहस्थ. केंद्रप्रमुख म्हणून प्राचार्य बसले होते, मार्गदर्शक म्हणून मॅडम. मी प्रयोग मांडला. परिशिष्ट येईपर्यंत कुलथे पेंगुळलेले होते. परिपत्रक वाचलं आणि ताठ झाले.

“हे खरंच फिरवलं होतं?”

“हो सर. सह्यांसकट.”

“यात तुमचीही सही आहे.”

“हो सर.”

“मग हा प्रयोग नाही.”

“नाही.”

“मग काय आहे हे?”

“मॅडम म्हणतात, आहेर.”

कुलथे हसले. पोट हलेपर्यंत हसले. मॅडम टेबलाकडे बघत राहिल्या. माझ्या मनात क्षणभर आलं, की हसलेला परीक्षक नापास करत नाही. हा समज विद्यार्थ्यांचा असतो, आणि त्या खोलीत मी विद्यार्थीच होतो. कुलथ्यांनी डोळे पुसले, पानं चाळली आणि विचारलं, “आणि हे एक गृहस्थ? यांनी का दिला नाही?”

“मी एका व्याख्यानात सांगितलं होतं, म्हणून.”

“बाकीचे साठ नव्हते त्या व्याख्यानाला?”

“होते सर.”

कुलथे प्राचार्यांकडे वळले. “बऱ्हाटेसाहेब, अहो, या माणसाचा सत्कार करायला हवा. काय केलंत तुम्ही त्यांच्यासाठी?”

प्राचार्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. मॅडमनी उत्तर दिलं. “नोटीस दिली.”

प्राचार्यांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

शेवटी कुलथ्यांनी पेनाला टोपण लावलं. “सावदेकर, तुम्ही प्रामाणिक आहात. पण प्रामाणिक आहात म्हणून फसलेला प्रयोग पास करता येत नाही. एकसष्टपैकी एकसष्ट लिहून आणलं असतंत, तर खरं सांगतो, मी कदाचित वाचलंही नसतं. तुम्ही खरं लिहिलंत, आता मला वाचावं लागलं. परत करा. पुढच्या वर्षी या. आणि तेव्हा,” ते प्राचार्यांकडे न बघता म्हणाले, “सहकार्य घेऊ नका.”

जूनमध्ये फलकावरचं माझं नाव निघालं. शिपायानं ती ओळ खरवडून काढली, तेव्हा माझ्याआधीच्या कोणा बोरोल्यांचं नाव खालून पुसटसं दिसू लागलं. वर्षभर मी तासिका तत्त्वावर होतो. सासरे त्या काळात आले की मी त्यांना बाहेरच्या बाहेर केळीच्या बागा दाखवायला न्यायचो. नेहेते सरांची नोटीस मागे घेतल्याचं पत्र कधी निघालं नाही. ती प्रलंबित राहिली, आणि आमच्याकडे प्रलंबित म्हणजे जवळजवळ माफीच.

त्या तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेर पडलो तेव्हा नेहेते सर व्हरांड्यात उभे होते. माझीच वाट बघत होते असं दिसत नव्हतं, पण तिथे उभं राहायला दुसरं काही कारणही नव्हतं.

“काय झालं?”

“परत करायला सांगितलं. पुढच्या वर्षी.”

“हं.” त्यांनी बाहीचं बटण घट्ट केलं. “मग पुढच्या वेळी मला नीट फसव. तयारी करून.”

पुढच्या हिवाळ्यात मी मनापासून तयारी केली. या खेपेस विद्यापीठाच्या एका समितीची परवानगी परस्पर घेतली, मॅडमखेरीज कॉलेजात कोणाला कळू दिलं नाही. महिनाभरात तीन वेगवेगळ्या मेल गेल्या. माणसं फसली, म्हणजे जगात जितकी फसतात तितकी. फिरके तिन्ही वेळा फसले आणि कळल्यावर म्हणाले, “सांगायचं तरी भाऊ, मनापासून फसलो असतो.” प्रबंध पास झाला. मॅडमनी विभागात पेढे वाटले. मला देताना आधी ‘घ्या सर’ म्हणाल्या, मग जरा थांबून, ‘शाबास’.

त्या तिन्ही मेल नेहेते सरांनी कागदावर छापून, लाल पेनानं तपासून माझ्या टेबलावर ठेवल्या होत्या. पहिलीवर शेरा होता, ‘बँक अशी भाषा वापरत नाही.’ दुसरीवर, ‘पाठवणाऱ्याचा पत्ता बघ. घाई.’ तिसरी मी खास त्यांच्यापुरती, त्यांच्या मुलीच्या बाळाच्या फोटोंच्या निमित्तानं लिहिली होती. मॅडमना ती क्रूर वाटली होती, मलाही. तिच्यावर खुणा नव्हत्या. खाली फक्त एक ओळ होती.

‘माउसवर हात गेला होता. असंच लिहीत जा.’